‘नंतर या’ म्हणू नका

पिशवी उघडली की सगळ्यांत वर जाडजूड फाईल असते. सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाच्या झेरॉक्स. त्याखाली बाळाचं दुपटं, वाटी-चमचा, औषधाच्या चिकट झालेल्या बाटल्या. आणि अगदी तळाशी, चार घड्या पडलेलं, कडा विरलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. परभणीकडून आलेल्या एका आईनं ते काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा तिला वाटलं मी बाळाची जन्मतारीख बघतेय. मी रकाने बघत होते. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब ची लस, तिन्ही झालेल्या. दीड महिन्याच्या डोसाची तारीख होती. अडीच महिन्यांच्या रकान्यात मात्र तारखेऐवजी निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, ‘कावीळ आहे. नंतर या.’ त्याच्या पुढचा रकाना कोरा. बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. पोट टम्म फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या. पण आईच्या काचेच्या बांगड्या पकडायला बोटं भारी चपळ.

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. यकृत प्रत्यारोपणासाठी आलेल्या लेकरांच्या आईबापांना पैसे उभे करायला, राहायची सोय बघायला, अर्ज भरायला मदत करणं हे माझं काम. लस हा डॉक्टरांचा विषय, आपला नव्हे, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. त्या कार्डानं ती समजूत मोडली. ‘नंतर या’ लिहिणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. आधीच आजारी असलेल्या लेकराला आणखी सुई नको, ही मायाच होती ती. पण ज्याचं यकृत दिवसेंदिवस निकामी होत चाललंय, त्या बाळाकडे ‘नंतर’ फार थोडं शिल्लक असतं. आज हे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच की हे दोन शब्द आपल्या दवाखान्यांतून, आपल्या घरांतून आणि आपल्या तोंडातून हद्दपार झाले पाहिजेत.

लहान मुलांमध्ये यकृत बदलायची वेळ येते ती सर्वांत जास्त वेळा एका जन्मजात आजारामुळे. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद होतात, पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच साठून त्याला कुजवत नेतं. डॉक्टर त्याला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. साधारण दहा ते पंधरा हजार बाळांत एकाला होणारा हा आजार. ओळखायची खूण अगदी घरगुती आहे: जन्माला दोन आठवडे उलटले तरी कावीळ ओसरत नाही आणि बाळाची शी पिवळी न होता पांढरट, मातकट होते. मोरिओ कासाई या जपानी शल्यचिकित्सकाच्या नावाची एक शस्त्रक्रिया आहे, ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर पुष्कळांना दिलासा मिळतो. ती उशिरा झाली किंवा यशस्वी झाली नाही, तर वर्ष-दीड वर्षाच्या आतच नव्या यकृताची गरज लागते. म्हणजे सरकारी तक्त्यात लशी ज्या वयात बसवलेल्या आहेत, नेमक्या त्याच वयात हे लेकरू दवाखान्याच्या वाऱ्या करत असतं. ताप आला, पाणी साठलं, ॲडमिट केलं, सोडलं, पुन्हा ॲडमिट केलं. लसीकरणाचा वार येतो आणि जातो. कार्ड पिशवीच्या तळाशी जातं ते असं.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. लशी ढोबळमानानं दोन जातींच्या. एका जातीत जंतू मेलेला असतो किंवा त्याचा नुसता तुकडा असतो: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, न्यूमोनियाची पीसीव्ही, टोचायचा पोलिओ, फ्लूचं इंजेक्शन. दुसऱ्या जातीत विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला: गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या, रोटाव्हायरस, तोंडावाटे द्यायचे पोलिओचे थेंब. बीसीजीतला जंतूही जिवंतच. धडधाकट बाळाचं शरीर या दुबळ्या विषाणूशी लुटुपुटीची लढाई करतं आणि शिकून तयार होतं. पण यकृत बदललं की त्याच दिवसापासून बाळाला टॅक्रोलिमससारखी औषधं सुरू होतात. आमच्या वॉर्डातल्या आया त्याला नुसतं ‘टॅक्रो’ म्हणतात आणि ‘आज लेव्हल किती आली?’ हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न असतो. हे औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवतं, नाहीतर ते नव्या यकृतालाच परका समजून मारतील. पहारेकरी झोपलेले असताना जिवंत विषाणू आत सोडायचा कसा? म्हणून प्रत्यारोपणानंतर जिवंत लशी बहुतेक मुलांना बंद होतात. जे द्यायचं ते आधी द्यायचं.

आणि आधी म्हणजे किती आधी, हेही ठरलेलं आहे. जिवंत विषाणूची लस प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी. मेलेल्या जंतूची किमान दोन आठवडे आधी. ही दोन अंतरं यकृताच्या आजारी बाळाच्या प्रत्येक आईबापानं पाठ करावीत, फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत.

सरकारी तक्त्यात गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर येते. पण ज्याला प्रत्यारोपण लागणार हे दिसतंय, त्या बाळासाठी नऊ महिन्यांची वाट बघत बसायचं कारण नाही. सहा महिने पूर्ण झाले की ती लवकर देता येते. कांजिण्यांची लसही तज्ज्ञ अशा बाळांना नेहमीपेक्षा लवकर देतात. इतक्या लहान वयात दिलेला डोस मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे वर्ष पूर्ण होईपर्यंत प्रत्यारोपण झालं नसेल तर तो पुन्हा द्यायचा. राहून गेलेले डोस पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत, जिथे थांबले तिथून पुढे, चार-चार आठवड्यांच्या अंतरानं घेता येतात. त्या परभणीच्या बाळाचा कोरा रकाना म्हणजे काही शिक्षा नव्हती. तो भरता येणार होता. भरा, असं म्हणणारं माणूस तेवढं हवं होतं.

‘पण बाळ आजारी आहे ना, लस सोसेल का?’ हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो. यकृताचा जुना आजार हे लस टाळायचं कारण नाही, लस घाईनं द्यायचं कारण आहे. यकृत कडक होत गेलं की प्लीहेचं कामही मंदावतं आणि न्यूमोनियाचे, मेंदूज्वराचे जंतू सहज डोकं वर काढतात. अशा मुलाला कावीळ अ झाली तर उरलंसुरलं यकृत काही दिवसांत बसू शकतं. शिवाय आजार जसा वाढत जातो तशी लशीला शरीराकडून मिळणारी दाद कमी होत जाते. चौथ्या महिन्यात दिलेली लस जे काम करील ते अकराव्या महिन्यात दिलेली करीलच असं नाही. मग थांबायचं कशाला? मोठा ताप असेल, बाळ अतिदक्षता विभागात असेल, तर तेवढे दिवस थांबा. प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन नुकतंच दिलं असेल, तर गोवराची आणि कांजिण्यांची लस काही महिने पुढे ढकलावी लागते, कारण नाहीतर ती वाया जाते. मूल आधीपासून स्टेरॉइडवर असेल, तरी जिवंत लशीआधी विचारा. हे बारकावे डॉक्टरांनी बघायचे. पण त्यांनी ते बघावेत म्हणून कार्ड त्यांच्या टेबलावर आपणच ठेवायचं आहे, फाईलच्या वर, तळाशी नाही.

आपल्याकडे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. भारतात बहुतेक लहान मुलांना यकृताचा तुकडा जिवंत माणूस देतो. आई देते, बाप देतो, कधी आजी, कधी मावशी. नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात देशातलं पहिलं यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण झालं, तेही वडिलांनी दिलेल्या तुकड्यावर. बिलिअरी अट्रेशिया झालेलं ते कांचीपुरमचं मूल दोन वर्षांचंही नव्हतं. आज तो मुलगा स्वतः डॉक्टर आहे! असा दाता घरातलाच असला की शस्त्रक्रियेची तारीख बहुतेकदा आधी ठरते. तपासण्या, समितीच्या परवानग्या, पैशाची जमवाजमव यांत आठवडे जातात. लग्नाची तारीख धरून आपण मागे मागे मोजत जातो, हॉल कधी, पत्रिका कधी, बस्ता कधी. तसंच शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मागे मोजा. चार आठवडे मागे, दोन आठवडे मागे. ज्या आठवड्यात तुम्ही निधीच्या अर्जासाठी रांगेत उभे आहात, त्याच आठवड्यात बाळाच्या मांडीत लस गेलेली असू शकते.

काही लेकरांना हा वेळच मिळत नाही. यकृत अचानक बंद पडतं, चार दिवसांत प्रत्यारोपण करावं लागतं, आणि लशींचं सगळं राहून जातं. त्या मुलांसाठी आणि लशी घेऊनही कवच कच्चं राहिलेल्या मुलांसाठी पुढचं काम आपल्या सगळ्यांचं आहे.

आधी त्यांच्या घराबद्दल. प्रत्यारोपण झालं, टाके सुकले, लेकरू घरी आलं की घरात सुटकेचा श्वास सुटतो आणि लशींचा विषय पुन्हा मागे पडतो. तसं होऊ देऊ नका. फ्लूचं इंजेक्शन महिन्याभरानंतरही देता येतं आणि ते दरवर्षी घ्यायचं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू उसळतो, म्हणून मृगाच्या आधी घेतलेलं बरं. बाकीच्या मेलेल्या जंतूंच्या लशी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, औषधांचा जोर थोडा उतरला की पुन्हा सुरू होतात. त्या मुलांचं शरीर कमी शिकतं, म्हणून कावीळ ब च्या लशीनंतर रक्तात प्रतिकार तयार झाला का, ते तपासून गरज पडली तर आणखी डोस देतात. मुलगी किंवा मुलगा नऊ वर्षांचा झाला की एचपीव्हीची लस विचारा. ती आता पुण्यातही तयार होते, आणि अशा मुलांना तिचे तीन डोस लागतात. ‘लस दिली तर नवं यकृत शरीर फेकून देईल’ ही भीती अनेकांच्या पोटात असते. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. धोका रोगाचा आहे.

आणि एक प्रश्न तोंडपाठ असू द्या. मूल प्रत्यारोपण झालेलं असेल, तर कुठलीही लस टोचण्याआधी, कुठल्याही दवाखान्यात, विचारायचं: ‘ही जिवंत विषाणूची आहे का?’ विचारायला लाजू नका. आपल्या बाजारात कावीळ अ ची लस दोन्ही जातींची मिळते, एक जिवंत आणि एक मेलेली, आणि नाव सारखंच वाटतं. नाकात मारायची फ्लूची लस जिवंत असते, दंडात टोचायची नसते. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत सरकार देतं ती जपानी मेंदूज्वराची लसही जिवंत विषाणूची असू शकते. अलीकडे काही केंद्रांत, प्रत्यारोपणाला वर्ष उलटून गेल्यावर, औषधं कमी प्रमाणात असताना आणि मध्यंतरी रिजेक्शन, म्हणजे शरीरानं यकृत नाकारणं, झालेलं नसताना, निवडक मुलांना गोवर-कांजिण्यांची लस देऊ लागले आहेत. तो निर्णय मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला तो विषय नव्हे.

आता पल्स पोलिओचा रविवार डोळ्यांसमोर आणा. बूथ झाला, दुसऱ्या दिवसापासून ताई घरोघरी फिरतात. दारावर खडूनं खूण करतात, मुलाच्या करंगळीला शाई लावतात. त्या दारामागे प्रत्यारोपण झालेलं मूल असेल आणि त्याचा धाकटा भाऊ उंबऱ्यात खेळत असेल, तर दोघांनाही तोंडावाटे थेंब द्यायचे नाहीत. कारण थेंबांतला जिवंत विषाणू भावाच्या शीतून बाहेर पडतो आणि घरातल्या घरात पोचतो. भावाला टोचायची पोलिओ लस द्यायची. पण हे त्या ताईंना कोण सांगणार? दारात ताई घाईत, आई संकोचलेली. आईनं म्हटलं पाहिजे, ‘ताई, आमच्या पोराचं यकृत बदललंय, हे डॉक्टरांचं पत्र.’ आणि ताईंनी ‘थेंब नकोत म्हणतात’ असं न लिहिता कारण समजून नोंदवलं पाहिजे. गोवर, कांजिण्या यांच्या लशी मात्र भावंडांनी जरूर घ्यायच्या. कांजिण्यांच्या लशीनंतर अंगावर पुरळ आलंच तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळं ठेवायचं. धाकट्याला रोटाव्हायरसचा डोस झाला असेल तर लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवायचे. फ्लूची लस आजी-आजोबांसकट सगळ्या घरानं.

घराबाहेर गल्ली आहे, अंगणवाडी आहे, शाळेची रिक्षा आहे. आणि आपल्या मनात अजून ती जुनी बोली आहे: ‘गोवर-कांजिण्या येऊन गेलेल्याच बऱ्या.’ कोणासाठी बऱ्या? 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला, भिवंडीत, मालेगावात पसरला, लेकरं दगावली. करोनाच्या काळात राहून गेलेले डोस तिथे वसूल झाले. लस घ्यायच्या वयाला न पोचलेल्या तान्ह्या बाळांनाही त्यानं सोडलं नाही. सरकारला तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. गोवराचा एक रोगी, भोवती कोणाला लस नसेल तर बारा ते अठरा जणांना रोग देतो. तो खोली सोडून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहतो. अशा हवेत टॅक्रोवर असलेलं लेकरू बसलं तर त्याच्याजवळ काय आहे? त्याच्या वर्गातल्या इतर पोरांच्या दंडात गेलेली लस, एवढंच. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तर गोवराला वाट सापडत नाही.

एकाच्या लशीनं दुसऱ्याला वाचवणं आपल्या मातीला नवीन नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. तेव्हा बाटली नव्हती, बर्फाची पेटी नव्हती. त्या पोरीच्या दंडावर आलेल्या फोडातलंच द्रव्य घेऊन पुढच्या पाच मुलांना टोचलं आणि मग ते पुण्याला, सुरतेला, मद्रासेला गेलं. एका लेकराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती लस देशभर चालत गेली. आज बाटली आली, शीतपेटी आली, जगाला लशी पुरवणारा कारखाना पुण्यात उभा आहे. तरीही तुमच्या मुलाच्या दंडातली लस शेजारच्या मुलाला वाचवते, ही गोष्ट तेव्हाइतकीच खरी आहे.

शाळांना एक कळकळीचं सांगणं. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन करा. उद्या नको, सूचना-वहीत लिहून नको. गोवराचा संपर्क आला असेल तर इम्युनोग्लोब्युलिन सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, कांजिण्यांसाठीचं वेगळं असतं आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. त्या फोनला उशीर झाला तर मोठमोठ्या शल्यचिकित्सकांचं बारा तासांचं काम एका आठवड्यात मातीत जाऊ शकतं.

सरकारकडे मागणी आहे, आणि ती मी भीक म्हणून करत नाही. प्रत्यारोपणासाठी आम्ही लाखो रुपये उभे करतो. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, धर्मादाय संस्था, गावची वर्गणी, गणेशमंडळाची पेटी. बाप म्हैस विकतो, आई डोरलं गहाण टाकते. त्या सगळ्या जमाखर्चात लशींची ओळच नसते! कांजिण्या, कावीळ अ, फ्लू यांच्या लशी सरकारी कार्यक्रमात नाहीत. त्या खाजगीत, हजारांच्या भावानं घ्याव्या लागतात, आणि शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकलेल्या बापाला ते हजार सगळ्यात जड जातात. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलेल्या प्रत्येक मुलाला, त्याच्या भावंडांना आणि दात्याला लागणाऱ्या सगळ्या लशी फुकट मिळाल्या पाहिजेत. प्रत्यारोपणाच्या मदतीच्या प्रत्येक योजनेत तो खर्च धरला पाहिजे. मुख्यमंत्री निधीच्या अर्जावर लशींचा एक रकाना छापायला काय लागतं?

आणि मोठ्या रुग्णालयांना: कार्ड बघितल्याशिवाय मुलाचं नाव यादीत लावू नका. पहिल्याच भेटीत, रक्ताचा गट आणि वजन लिहिता तशीच लशींची स्थिती लिहा. काय झालं, काय राहिलं, कोणत्या आठवड्यात कुठे द्यायचं, हे मराठीत लिहून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावानं पत्र द्या. तिथल्या सिस्टरला त्या पत्रानं बळ येतं. त्या पत्राविना ती घाबरते, आणि घाबरलेली सिस्टर ‘नंतर या’ लिहिते.

आशाताई, सिस्टर, तुमच्या पुढच्या आठवड्याच्या यादीत डोळे पिवळे असलेलं, पोट फुगलेलं, रुग्णालयाच्या वाऱ्या करणारं एखादं बाळ असेल. त्याच्या घरी जा. आईला म्हणा, पिशवी काढ. फाईल, दुपटं, बाटल्या बाजूला करा, तळाशी कार्ड असेल. अडीच महिने, साडेतीन महिने, सहा महिन्यांनंतरचा गोवर, कोणता रकाना कोरा आहे ते आईसोबत बसून बघा. रुग्णालयाच्या डॉक्टरांना त्या आईच्याच फोनवरून फोन लावा. आणि निळं पेन हातात घेऊन त्या रकान्यात येत्या लसीकरणाच्या दिवसाची तारीख लिहा.